पोटाच्या तारेचा झोळ

पहाटेचे तीन वाजलेले असतात. बाळ रडतं. तासगावकडच्या एखाद्या घरात बाळंतपणाला माहेरी आलेली लेक झोपेतच मान उचलते आणि सरळ उठून बसायला जाते. त्या घटकेला कुणी दिवा लावून तिचं पोट बघितलं, तर छातीच्या खड्ड्यापासून बेंबीपर्यंत मधोमध एक उभा उंचवटा दिसेल, कातडीखाली मक्याचं कणीस ठेवल्यासारखा. ती बसली की तो नाहीसा होतो. दुखत नाही, म्हणून तिच्याही ध्यानात येत नाही. शेजारी झोपलेली आई अंधारातच म्हणते, "कुशीवर वळून उठ की गं."

हे सांगणं पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे आणि ते अगदी बरोबर आहे. बाळंतपणानंतरच्या पोटाला लागणारा निम्मा व्यायाम या एका वाक्यात आहे. का, ते समजलं की उरलेला निम्मा सोपा होतो.

पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात. बरगड्यांच्या खालच्या भागापासून निघून ते ओटीपोटाखालच्या हाडाला जाऊन मिळतात. दोघांना मधोमध जोडणारी चिवट पांढऱ्या धाग्यांची एक पट्टी असते, तिला डॉक्टर लिनिया अल्बा म्हणतात. गरोदरपणात बेंबीवरून खाली उतरणारी काळी रेघ दिसते, साधारण तिच्याच खाली आत ही पट्टी असते. (काळी रेघ हा निव्वळ कातडीच्या रंगातला बदल. ती फिकी होणं आणि पट्टी सावरणं यांचा एकमेकांशी संबंध नाही.) बाळ वाढतं तशी पट्टी रुंद होते, पातळ होते, आणि उभे स्नायू दोन्ही बाजूंना सरकतात. यालाच डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. यात काहीही फाटलेलं नसतं. "पोट फाटलंय" हा शब्द बायका एकमेकींना सांगतात आणि उगाच धास्तावतात. पट्टी ताणली गेलेली असते, इतकंच. बाळाला जागा करून द्यायला ती ताणायलाच हवी होती. पोर्तुगालमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात ३५ व्या आठवड्यात तपासलेल्या सगळ्याच्या सगळ्या गरोदर स्त्रियांमध्ये दोन उभ्या स्नायूंमधली ही फट सापडली होती.

प्रश्न उरतो तो नंतर ती कितपत सावरते याचा. नॉर्वेमध्ये पहिलटकरणींवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर ६ आठवड्यांनी शंभरातल्या ६० जणींना फट होती, ६ महिन्यांनी सुमारे ४५ जणींना आणि वर्षाने सुमारे ३३ जणींना. म्हणजे वर्ष उलटलं तरी तिघींत एकीला. मग हळदीकुंकवाला गेलेल्या बाईला "दुसरं आहे का गं?" असं विचारणाऱ्यांनी जरा थांबावं. ते पोट चरबीचं असेलच असं नाही आणि ती आळशी आहे असं तर मुळीच नाही. याच अभ्यासात फट असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. तेव्हा प्रत्येक कंबरदुखीचं खापर या फटीवर फोडण्यातही अर्थ नाही.

सगळेजण फट किती बोटांची एवढंच विचारतात. खरं बघायचं असतं वेगळंच. तासगाव, पलूस, मिरजेकडच्या माणसाला ते द्राक्षाच्या मांडवावरून चटकन कळेल. मांडवाच्या दोन लोखंडी अँगलमधलं अंतर थोडं जास्त असलं तरी तार ताठ असेल तर घडांचं वजन पेलतं. अंतर अगदी मापात असून तार ढिली असेल तर मांडवाला झोळ येतो. पोटाचंही तसंच. दोन बोटांची फट आहे, पण श्वास सोडत पोट आवळल्यावर मधली पट्टी बोटाखाली ताठ लागते, अशी बाई बहुतेक सगळी कामं नीट करू शकते. फट दीडच बोटाची, पण बोट मळलेल्या कणकेत रुतावं तसं आत जातं, तिथं काम बाकी आहे. आणि मुळात थोडी रुंदी असतेच. स्वित्झर्लंडमध्ये सोनोग्राफीने केलेल्या २००९ च्या एका अभ्यासात, कधीच बाळंतपण न झालेल्या स्त्रियांतसुद्धा बेंबीच्या ३ सेंटीमीटर वर २२ मिलीमीटरपर्यंतची रुंदी सर्वसाधारण धरली आहे. फट पूर्ण मिटवण्याच्या हट्टाला पेटू नये, ते याचसाठी.

घरी तपासणं अवघड नाही. सव्वा महिना झाला, आशाताईची ४२ व्या दिवसाची भेट झाली, की करावं. सतरंजीवर उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे, तळवे जमिनीला टेकलेले. बाजेवर किंवा मऊ गादीवर नको, तिथं पाठ बुडते आणि माप चुकतं. एका हाताची बोटं एकमेकांना चिकटवून, टोकं पायांकडे करून बेंबीवर ठेवायची आणि हलकेच दाबायची. आता तोंडाने श्वास सोडत फक्त डोकं आणि खांद्यांचा वरचा भाग उचलायचा. खांद्याची पाती जमिनीवरून सुटू लागली की बास. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना येऊन टेकतात. मध्ये किती बोटं बसली ते मोजायचं. मग तसंच बेंबीच्या ४-५ सेंटीमीटर वर आणि तेवढंच खाली. वरची आणि खालची मापं बऱ्याचदा वेगळी येतात, म्हणून तिन्ही लिहून ठेवायची. नंतर दुसरी खूण: त्याच स्थितीत बोट किती खोल जातं आणि खाली ताठपणा लागतो का. मापणारी बोटं दर वेळी त्याच माणसाची हवीत, कारण सासूची दोन बोटं आणि सुनेची दोन बोटं सारखी नसतात. रोज मोजू नये. दोन आठवड्यांतून एकदा पुरे. रोज चाचपून बघणाऱ्या बाईला फरक दिसत नाही, आणि ती आठव्या दिवशी व्यायाम सोडून देते.

तार ताणायची ती उभ्या स्नायूंच्या खाली असलेल्या आडव्या स्नायूने. हा सगळ्यांत आतला स्नायू, पाठीपासून पुढे पोटाला गुंडाळलेला. तो दोन्ही बाजूंनी ओढ देतो आणि पट्टी ताठ होते. गंमत म्हणजे तो आवळला की फट कधी कधी किंचित रुंद मोजली जाते, तरीही पट्टी ताठ झालेली असते. अंतरापेक्षा ताण महत्त्वाचा, तो असा. हा स्नायू जोराने आवळून जागा होत नाही. तो श्वासाबरोबर जागा होतो.

श्वासाचा व्यायाम फुंकणीने चूल पेटवलेल्या बाईला समजावून सांगावाच लागत नाही. उताणं झोपा, गुडघे वाकवलेले. एक हात बरगडीच्या बाजूला, दुसरा बेंबीच्या खाली. नाकाने ३-४ सेकंद श्वास घ्या. बरगडी बाजूला, तळहातात फुगली पाहिजे. खांदे वर चढत असतील तर श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतोय. आता निखाऱ्यावर फुंकणीने घालतो तशी बारीक, लांब फुंकर, ५-६ सेकंद. फुंकर सुरू होतानाच लघवी आणि वायू दोन्ही एकदम थांबवल्यासारखं खालचं अंग आत-वर उचला. (प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करू नका.) तसं केलं की बेंबीखालचं पोट आपोआप हलकं आत जातं. फुंकर संपल्यावर ५ सेकंद धरा, पण श्वास चालू राहू द्या. मग पूर्ण सोडा आणि १० सेकंद विसावा. सोडणं हाही व्यायामच आहे. असं ८-१० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. बाळ अंगावर पाजून झोपलं की एक वेळ, दुपारी एक वेळ.

बरोबर होतंय का हे कमरेच्या दोन्ही बाजूंना पुढे लागणाऱ्या हाडांवरून कळतं. त्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं आत आणि किंचित खाली बोटं ठेवा. फुंकर घालताना बोटांखाली काहीतरी हलकेच ताठ झालं तर आडवा स्नायू कामाला लागला. बोटं बाहेर ढकलली गेली तर तुम्ही कुंथताय. चुका ठरलेल्या असतात: ढुंगण आवळणं, श्वास रोखणं, वरचं पोट बरगडीखाली खेचून घेणं. शेवटची चूक सगळ्यांत फसवी, कारण त्यात पोट आरशात लगेच सपाट दिसतं. पण वरून आवळलेल्या पोटातला दाब खाली जातो. मग खोकताना लघवीचे थेंब, आणि पुढे अंग बाहेर येण्याची तक्रार.

हा श्वास जमला की तो दिवसभराच्या कामांत शिरला पाहिजे. माझ्या मते १५ मिनिटांच्या व्यायामापेक्षा हेच मोठं. बाळंतीण रात्री तीन-चारदा उठते, दिवसात कितीतरी वेळा बाळ उचलते, जमिनीवर बसून जेवते आणि उठते. प्रत्येक वेळी उंचवटा वर आला तर पट्टीवर तितक्या वेळा ओझं पडलं. म्हणून उठताना आधी गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकदमच कुशीवर वळवायचे, पाय कडेवरून खाली सोडायचे, आणि फुंकर सोडत कोपर व तळहाताने अंग वर ढकलायचं. खोलगट बाजेवर हे अवघड जातं, तिथं खाली सतरंजीची जाड घडी घालावी किंवा काही दिवस पलंग बरा. बाळ उचलताना गुडघ्यात वाकायचं, त्याला छातीशी घ्यायचं, मग फुंकर आणि मग उठायचं. क्रम महत्त्वाचा: आधी श्वास सुटायला लागतो, मागून वजन उचललं जातं. भाकरी थापून जमिनीवरून उठताना एका गुडघ्यावर येऊन, हात मांडीवर टेकून उठावं. शिंक आली तर तळहात किंवा उशी पोटाला धरावी.

पाणी हा आपल्याकडचा वेगळा विषय आहे. १५ लिटरची भरलेली घागर म्हणजे १५ किलो, वर भांड्याचं वजन निराळं. जत, आटपाडी, माण, खटावच्या वाड्यावस्त्यांवर पहिले तीन महिने हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, आणि हे घरच्यांना स्पष्ट सांगावं. शहरात घागर नसेल, पण २० लिटरचा जार फ्रीजशेजारच्या स्टँडवर पालथा घालणं आणि स्कूटी मधल्या स्टँडवर ओढून लावणं ही दोन कामं घागरीपेक्षा कमी नाहीत. त्यांचा विचार कुणीच करत नाही.

आता पोट बांधण्याबद्दल. "बांधलं नाही तर पोटात वारं शिरतं" असं म्हणत बाळंतिणीचं पोट सुती लुगड्याच्या पट्ट्याने गुंडाळतात. वारं शिरत नाही. पण पहिल्या काही आठवड्यांत आधार वाटतो, चालताना आत काही हिंदकळत नाही, सिझेरियनच्या टाक्यांनाही बरं वाटतं. म्हणून बांधायला हरकत नाही, ते कसं बांधता यावर सगळं आहे. ओटीपोटापासून सुरुवात करून वर यावं, तळहात सहज आत शिरेल इतपत सैल, दिवसा उभं राहून काम करताना काही तास, आणि झोपताना सोडून. गच्च बांधलं तर दाबाला वाट उरते ती खालीच. श्वास अपुरा वाटला, खाली जडपणा आला किंवा लघवी निसटली तर ताबडतोब सैल करावं. पट्टा हा तारेला लावलेला टेकू आहे, तार ताणणं त्याला जमत नाही.

मालिश करणाऱ्या मावशी "बेंबी सरकलीय" म्हणून तेल लावून पोट जोरात रगडतात किंवा वर ओढतात. हातापायांना, पाठीला मालिश जरूर घ्यावी, बाळंतिणीला तो आरामाचा हक्काचा वेळ असतो. पोटावर मात्र जोर नको, आणि सिझेरियन झालं असेल तर टाके भरेपर्यंत पोटाला हातच नको.

आणखी एक धागा ताटातून जातो. डिंकाचे लाडू, खारीक, तूप भरपूर, आणि "बाळ सर्दाळेल" म्हणून पाणी मोजून. मग मलावरोध होतो, मग कुंथणं. पोट दर सकाळी कुंथत असेल तर व्यायामाने मिळवलेलं तिथंच जातं. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहानेप्रमाणे पाणी हवंच, आणि जेवणात पालेभाजी, फळं हवीत. कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटा पाट ठेवा, गुडघे कमरेपेक्षा वर येतात आणि जोर लागत नाही.

साधारण सहा आठवड्यांनंतर, फुंकरीचा श्वास सहज जमत असेल तर पुढचं. टाच सरकवणं: उताणं, गुडघे वाकवलेले, टाचेखाली फडकं. गुळगुळीत फरशीवर छान सरकतं. फुंकर सोडत एक टाच लांब सरकवायची, श्वास घेत परत. दोन्ही पाय आलटून पालटून १०-१० वेळा. कंबर जमिनीवरून सुटायला लागली की तेवढीच सरकवायची, पुढे नाही. मग वाकवलेला गुडघा हळूहळू बाहेर कलंडवून परत आणणं, दुसरा गुडघा जागचा हलता कामा नये. मग कंबर उचलून ५ सेकंद धरणं, ८-१० वेळा, बरगडी वर न फुगवता. एका पायरीवर दोन आठवडे, आणि १० वेळा उंचवट्याशिवाय जमलं तरच पुढची पायरी. त्यानंतर हात-गुडघ्यांवर रांगण्याची स्थिती. इथं पोट खाली लोंबतं म्हणून ती आधी नको. श्वास घेताना पोट सैल, फुंकर सोडताना बेंबी कण्याकडे, पाठ सपाट. हे जमलं की एक पाय मागे, नंतर उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे एकत्र. सोबत भिंतीला हात लावून ढकलणं, खुर्चीवरून हात न लावता उठणं, आणि २ किलोच्या डब्यापासून सुरू करून हळूहळू बाळाच्या वजनापर्यंत उचलणं. चालणं पहिल्या आठवड्यांपासून, १० मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉनसाठी पळणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. त्यांनी किमान १२ आठवडे धावू नये, आणि सुरुवात सपाट रस्त्यावर करावी. अजिंक्यताऱ्याची चढणही तोवर थांबेल.

क्रंचेसबद्दल, म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे उचलण्याच्या व्यायामाबद्दल, दोन टोकाची मतं ऐकू येतात. मोबाईलवरचे "सपाट पोट" व्हिडिओ बाळंतपणानंतर महिन्याभरातच सिटअप्स करायला लावतात, आणि दुसरीकडे काहीजण सांगतात की आयुष्यात डोकं उचलू नका. दोन्ही चूक. नॉर्वेतल्याच संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत फट असलेल्या स्त्रियांनी १२ आठवडे डोकं-खांदे उचलण्याचे व्यायाम केले. त्यांचे स्नायू बळकट झाले आणि फट वाढली नाही. पण त्या बाळंतपणानंतर सहा महिने ते वर्ष उलटलेल्या बाया होत्या, सव्वा महिन्याच्या बाळंतिणी नव्हेत. म्हणून खूण एकच धरावी: करताना मधोमध उंचवटा आला की तो व्यायाम आज तुमचा नाही. नौकासन, दोन्ही पाय एकदम उचलणं, प्लँक, सूर्यनमस्कार, सगळ्यांना हीच कसोटी.

सिझेरियनमध्ये उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात, म्हणून हा सगळा क्रम सिझेरियन झालेल्यांनाही लागू आहे. फक्त श्वासाच्या पुढचं सगळं डॉक्टरांनी टाके बघितल्यावर. व्रण भरून आला की त्याच्या आजूबाजूची कातडी बोटांनी हलकेच सरकवत राहावी, ती आत चिकटून राहिली तर खालचं पोट आवळायला दाद देत नाही.

बेंबीजवळ गाठ आली, ती झोपल्यावरही आत जात नाही, कडक झाली, दुखते, सोबत उलट्या होतात, तर तो हर्निया अडकलेला असू शकतो. तेव्हा व्यायाम नाही, तडक दवाखाना, रात्र असली तरी. खाली काही उतरल्यासारखं वाटणं, लघवी-शौचावर ताबा नसणं, तीन महिने नीट करूनही बोट तसंच रुतणं, यासाठी महिलांच्या तक्रारी बघणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवावं. शस्त्रक्रियेचा विचार पुढे मूल नको असेल तेव्हाच, आणि निदान वर्षभर वाट बघून.

द्राक्षबागेत कामाला परत जाणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मांडवाखालचं काम हात वर करून असतं. घडातले मणी कमी करण्याची विरळणी असो की औषधात घड बुडवणं, तासन् तास मान मागे, बरगडी वर, कंबर आत गेलेली. त्या स्थितीत पोटाची पट्टी वरून खाली सतत ताणलेली राहते आणि आडवा स्नायू झोपी जातो. म्हणून पहिले दोन आठवडे छातीच्या उंचीपर्यंतचंच काम घ्यावं. पुढे मांडवाखाली जाताना पायाखाली बुटका घडवंची-पाट घ्यावा, म्हणजे कोपरं खांद्याच्या वर जात नाहीत. दर घडाला हात घालताना बारीक फुंकर, आणि पाच-सहा घडांनंतर हात खाली.